न्यूयॉर्कमध्ये गणित-विज्ञानाची ओढ असलेल्या मुलासाठी सरकारी हायस्कूल कसं निवडावं

न्यूयॉर्क शहरात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरात मूल सहावी-सातवीत असेल, तर ओळखीपाळखीत कुणी ना कुणी लवकरच विचारतं, "स्टायव्हसंटची तयारी सुरू केलीत का?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण त्या प्रश्नामुळे आईवडिलांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसतं: शाळा एकच, ती सगळ्यांत वरची, आणि आपलं काम एवढंच की मुलाला तिथल्या कटऑफच्या वर न्यायचं. अकरावी प्रवेशाच्या याद्या बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे चित्र लगेच पटतं. रुईया, रुपारेल, फर्ग्युसन यांचे कटऑफ आपण वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवत आलो आहोत.

इथे मात्र कटऑफचा क्रम एक गोष्ट सांगतो आणि आपल्या मुलाला कोणती शाळा मानवेल हे वेगळंच असतं. शहरात गणित-विज्ञानाच्या मुलांसाठी निदान अर्धा डझन फार चांगल्या सरकारी शाळा आहेत. सगळ्या मोफत आहेत, आणि त्यांच्या रीतीभाती एकमेकींशी जुळत नाहीत. निवड करायला वेळ आणि शांत डोकं लागतं, म्हणून ही वाट टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिला टप्पा: घर कुठे आहे आणि मूल कोणत्या इयत्तेत आहे

अमेरिकेत हायस्कूल नववीला सुरू होतं आणि बारावीला संपतं. ही साधी गोष्ट भारतातून येणाऱ्यांच्या नियोजनात सगळ्यांत जास्त घोळ करते. "दहावी तिकडेच होऊ दे, मग येतील मुलं" असा विचार अनेक जण करतात. न्यूयॉर्कच्या ज्या शाळांबद्दल इथे लिहितो आहे, त्यांची प्रवेश परीक्षा आठवीत असताना होते. नववीत पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांनाही दहावीच्या जागांसाठी ती देता येते, पण त्या जागा अगदी थोड्या असतात. त्यानंतर दार बंद. म्हणजे बदली किंवा नोकरी ठरत असेल आणि मूल हुशार असेल, तर आठवीचा ऑक्टोबर उजाडण्याआधी शहरात असणं हा मोठा फायदा आहे. परीक्षा होऊन गेल्यावर शहरात आलेल्यांसाठी वेगळी सोय असते. त्याची चौकशी आल्या आल्या शिक्षण खात्याच्या फॅमिली वेलकम सेंटरमध्ये करा.

दुसरी अट राहण्याची. मूल न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंपैकी, म्हणजे विभागांपैकी, एकात राहत असलं पाहिजे. नोकरी मॅनहॅटनमध्ये आणि घर जर्सी सिटीत किंवा एडिसनमध्ये, असं असेल तर या शाळा तुमच्यासाठी नाहीत. न्यू जर्सीची आपली वेगळी व्यवस्था आहे. तिथे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शाळा असतात आणि त्या काउंटीतल्या रहिवाशांनाच प्रवेश मिळतो: बर्गन काउंटीची हॅकेनसॅकमधली अकॅडमी, मॉनमथची लिंक्रॉफ्टमधली हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल, मिडलसेक्सची एडिसनमधली विज्ञान-गणित-अभियांत्रिकी अकॅडमी. जर्सी सिटीत मॅकनेअर हायस्कूल आहे. घर भाड्याने घेण्याआधी हा फरक लक्षात आला, तर पुढची बरीच धावपळ वाचते.

व्हिसाची काळजी करू नका. एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलाला इथल्या सरकारी शाळेत इतर मुलांइतकाच हक्क आहे, आणि शाळा इमिग्रेशनबद्दल विचारत नाही.

दुसरा टप्पा: परीक्षा आणि जागांचं वाटप नीट समजून घ्या

शहरात नऊ "स्पेशलाइज्ड" हायस्कुलं आहेत. त्यांपैकी लाग्वार्डिया ही कलांची शाळा आहे आणि तिथे सादरीकरणावर (ऑडिशन) प्रवेश मिळतो. उरलेल्या आठ शाळांसाठी एकच परीक्षा: एसएचएसएटी (स्पेशलाइज्ड हायस्कूल्स ॲडमिशन्स टेस्ट). इंग्रजी आणि गणित असे दोन भाग, एकूण तीन तास, दोन्ही भागांना सारखं वजन. आठवीतले गुण, शिक्षकांची शिफारस, निबंध, खेळ, यांतलं काहीही मोजलं जात नाही. स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या तीन शाळांसाठी तर हे १९७१ च्या हेक्ट-कॅलँड्रा कायद्यातच लिहिलेलं आहे. हा राज्याचा कायदा असल्यामुळे शहराच्या महापौरालाही एकट्याने तो बदलता येत नाही. २०१८ मध्ये महापौर डी ब्लासिओ यांनी परीक्षा काढून टाकण्याचा प्रयत्न केला, तो राज्याच्या विधिमंडळात पुढे सरकला नाही.

या वादाबद्दल नव्या पालकांना माहीत असायला हवं. २०१९ मध्ये स्टायव्हसंटने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी फक्त ७ कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या होत्या. या शाळांत निम्म्याहून अधिक मुलं आशियाई घरांतली आहेत. आपली मुलं ज्या रांगेत उभी राहतात, तिच्याबद्दल शहरात खरी आणि दुखरी चर्चा आहे. ती मुलांनाही समजावून सांगावी असं मला मनापासून वाटतं.

साधारण २५ हजार मुलं परीक्षेला बसतात आणि चार हजारांच्या आसपास जागा देऊ केल्या जातात. २०२५ पासून परीक्षा संगणकावर होते, आणि २०२६ पासून मुलाच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न बदलणारं स्वरूप आणण्याचं शहराने जाहीर केलं आहे. त्यामुळे मोठ्या भावंडाची किंवा शेजाऱ्यांची जुनी पुस्तकं विषय समजायला ठीक, पण वेळेचं गणित बसवायला शहराची त्याच वर्षीची हँडबुक आणि पडद्यावरच्या सराव परीक्षा घ्या. दोन्ही मोफत मिळतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. होमी भाभा बालवैज्ञानिक किंवा स्कॉलरशिपची परीक्षा दिलेल्या मुलाला गणितातले विषय ओळखीचे वाटतील. त्याला अडवतात ते फूट, इंच, मैल, गॅलन, आणि लांबलचक इंग्रजी शब्दांत गुंडाळलेली शाब्दिक उदाहरणं. इंग्रजीच्या भागात उतारे असतात आणि परिच्छेद सुधारण्याचे प्रश्न असतात. नव्याने आलेल्या मुलांचा कस इथेच लागतो. रोज थोडं इंग्रजी गद्य वाचणं, आणि तेही कथेइतकंच विज्ञान-इतिहासावरचं, हा कोणत्याही क्लासपेक्षा खात्रीचा उपाय आहे. मूल शाळेत इंग्रजी शिकणारा विद्यार्थी म्हणून नोंदलेलं असेल, तर परीक्षेत वाढीव वेळ मिळतो. शाळेतल्या काउन्सेलरला (सल्लागाराला) आधीच विचारून ठेवा.

आता वाटप. इथेच बहुतेक पालक गोंधळतात. मूल आठ शाळांपैकी हव्या तितक्या शाळांना पसंतीक्रम देतं. सगळ्या मुलांचे गुण वरून खाली लावले जातात. पहिल्या मुलाला त्याची पहिली पसंती मिळते, मग दुसऱ्याला, असं करत यादी खाली सरकते. तुमच्या मुलाची पाळी येते तेव्हा त्याच्या पसंतीतल्या ज्या पहिल्या शाळेत जागा शिल्लक असेल, ती त्याला मिळते. त्या शाळेत शेवटची जागा ज्या गुणांवर संपली, त्याला कटऑफ म्हणायचं. तो आधी ठरलेला नसतो आणि दरवर्षी थोडा हलतो. स्टायव्हसंटचा गेली काही वर्षं ५५० च्या वर राहिला आहे, बाकीच्या शाळांचा त्याखाली.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या कागदावर लिहून फ्रीजवर लावाव्यात इतक्या महत्त्वाच्या आहेत. एक, स्टायव्हसंट पहिल्या क्रमांकावर लिहिलं म्हणून ब्रुकलिन टेकची संधी कमी होत नाही. दोन, ब्रुकलिन टेक पहिल्या क्रमांकावर लिहिलं आणि गुण स्टायव्हसंटपुरते आले, तरी मिळणार ब्रुकलिन टेकच. आठांपैकी एकाच शाळेची ऑफर येते, दोन येऊन मग निवडायचं असं नसतं. म्हणजे डावपेच करायला जागाच नाही. पसंतीक्रम हीच निवड आहे, आणि ती परीक्षेचा निकाल हातात येण्याआधी करावी लागते. म्हणून पुढचे टप्पे आठवीच्या सुट्टीपर्यंत टाळू नका, सातवीतच सुरू करा.

तिसरा टप्पा: शाळांची एकेक करून ओळख करून घ्या

आठांपैकी दोन शाळांचा कल मानव्यविद्यांकडे आहे. ब्रुकलिन लॅटिनमध्ये लॅटिन भाषा सक्तीची आहे आणि अभ्यासक्रम आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट). लेहमन कॉलेजच्या आवारातली अमेरिकन स्टडीज ही शाळा इतिहासावर उभी आहे. दोन्ही चांगल्या शाळा आहेत, पण मूल दिवसभर सर्किट जोडत बसणारं असेल तर यादीत त्या खाली किंवा बाहेर.

*ब्राँक्स सायन्स* पासून सुरुवात करतो, कारण तिची खरी ताकद कटऑफच्या आकड्यात दिसत नाही. शाळा १९३८ ची. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे सात जण इथे शिकले. त्यांतले स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो तर एकाच वर्गातले होते आणि १९७९ चं पारितोषिक त्यांना एकत्रच मिळालं. रसायनशास्त्राचे रॉबर्ट लेफकोविट्झ आणि २०२३ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिनही इथल्याच. जुनी नावं सांगून मुलाचं भलं होत नाही, हे मान्य. पण या शाळेत संशोधनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे: दहावीत निवड झाली की मूल प्रश्न शोधायला, शोधनिबंध वाचायला शिकतं, पुढे शहरातल्या प्रयोगशाळेत एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करतं आणि बारावीत ते काम रीजनरॉनसारख्या विज्ञान-संशोधनाच्या स्पर्धेला पाठवतं. ज्या मुलाला उत्तरापेक्षा "हे असं का" याचा जास्त छंद आहे, त्याच्यासाठी मी ही शाळा यादीत पहिली ठेवायला अजिबात कचरणार नाही. इथे मुलींचा स्वतंत्र रोबोटिक्स संघही आहे, फे मेडन्स नावाचा. घरात यंत्रांची आवड असलेली मुलगी असेल तर ओपन हाऊसला, म्हणजे शाळा पालकांना बघायला बोलावते त्या दिवशी, त्या मुलींशी जरूर बोला. शाळेत साधारण तीन हजार मुलं आहेत. वादविवादाची परंपराही मोठी आहे, आणि विज्ञानाच्या मुलाला बोलता येणं किती उपयोगाचं असतं हे वेगळं सांगायला नको.

*ब्रुकलिन टेक* ही आठांत सगळ्यांत मोठी, सहा हजारांच्या जवळपास मुलं. आकडा ऐकून आपल्याकडचे पालक घाबरतात. पण या आकारामुळेच तिथे एक गोष्ट शक्य होते जी इतर कुठे नाही: मेजर. दहावीत मूल विषय निवडतं आणि अकरावी-बारावीत त्यात खोल जातं. एरोस्पेस, सिव्हिल, मेकॅट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर, स्थापत्य, गणित, भौतिकशास्त्र, बायोमेडिकल असे कितीतरी पर्याय आहेत, आणि कायदा-समाज किंवा अर्थव्यवहार अशा वाटाही आहेत. नववीत सगळ्यांना आरेखन आणि उत्पादन रचना शिकावी लागते, हाताने काम करावं लागतं. शाळा १९२२ ची. विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, आर्नो पेंझियास, इथलेच विद्यार्थी. आपल्याकडे ज्या मुलाला आठवीत "हा पॉलिटेक्निकला जाईल" असं म्हटलं जायचं, कारण तो घरातला मिक्सर उघडून बघतो, त्याच्यासाठी ही शाळा आहे. एक सावधगिरी सांगतो: मागणी असलेली मेजर मिळताना आधीच्या दोन वर्षांचे गुण बघितले जातात. "एकदा आत गेलं की झालं" असं नाही.

*स्टायव्हसंट* १९०४ पासून आहे, आणि १९९२ पासून हडसन नदीच्या काठी चेंबर्स स्ट्रीटवरच्या दहा मजली इमारतीत. आत एस्कलेटर आहेत, तरणतलाव आहे, आणि पोहता आल्याशिवाय पदवी मिळत नाही. साधारण ३,३०० मुलं. इथे गणिताची खोली विलक्षण आहे. ऑलिंपियाडच्या दिशेने जाणाऱ्या मुलाला त्याच्यासारखी किंवा त्याच्याहून पुढची मुलं भेटतात, आणि हे भेटणंच या शाळेचं सगळ्यांत मोठं देणं आहे. रोआल्ड हॉफमन, रिचर्ड ॲक्सेल ही नोबेल विजेत्यांची नावं इथली. ज्या मुलाला स्पर्धा पेलते, वर्गात पंधरावा आल्यावर ज्याची झोप उडत नाही, त्याला इथे मजा येईल. ज्याला पहिल्या तीनांत राहण्याची सवय आहे आणि त्यावरच ज्याचा आत्मविश्वास उभा आहे, त्याच्याबाबत घरात स्पष्ट बोलून घ्या.

*स्टॅटन आयलंड टेक* स्टॅटन आयलंडवर राहणाऱ्यांसाठी वरदान आहे. १,३०० च्या आसपास मुलं, अभियांत्रिकीचा पाया सगळ्यांना, रशियन भाषा शिकण्याची सोय, रोबोटिक्सचा जुना संघ. मध्यम आकारामुळे शिक्षक मुलांना नावाने ओळखतात. क्वीन्समधून रोज जाणं मात्र व्यवहार्य नाही.

लहान शाळा दोन. सिटी कॉलेजच्या आवारातली *मॅथ, सायन्स अँड इंजिनिअरिंग* हार्लेममध्ये आहे आणि यॉर्क कॉलेजच्या आवारातली *क्वीन्स हायस्कूल फॉर द सायन्सेस* जमैकात. दोन्ही २००२ मध्ये सुरू झाल्या, दोन्हींत पाचशेच्या आसपास मुलं. कॉलेज शेजारीच असल्याने पुढच्या वर्षांत कॉलेजचे वर्ग घेता येतात. क्लब कमी, निवडीचे विषय कमी, खेळांचे संघ थोडे. पण बुजऱ्या, नव्या देशात अजून पाय रोवणाऱ्या मुलाला पाचशेंच्या शाळेत जी ऊब मिळते ती तीन हजारांच्या शाळेत सहज मिळत नाही. बेलरोझ, फ्लोरल पार्क, जमैका भागात राहणाऱ्या मराठी घरांनी क्वीन्सची ही शाळा नुसत्या कटऑफकडे बघून मागे ढकलू नये.

चौथा टप्पा: सकाळी आठला तिथे पोचून बघा

प्रवासाचा विचार पालक शेवटी करतात. तो आधी करायला हवा. चार वर्षं, रोज दोनदा. मुलाला शहराकडून ओम्नी कार्ड मिळतं आणि दिवसाला चार फेऱ्या मोफत असतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. प्रश्न झोपेचा आहे.

क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सहून सबवेच्या ई गाडीने सरळ वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरलं की स्टायव्हसंट चालत येतं. ब्राँक्स सायन्सला जायचं तर त्याच ई ने सेव्हन्थ ॲव्हेन्यूला उतरून डी पकडायची आणि बेडफर्ड पार्क बुलेव्हार्डला उतरायचं, म्हणजे तासभर तरी धरा. ब्रुकलिन टेकसाठी आर गाडी न बदलता डीकॅल्ब ॲव्हेन्यूला नेते, पण रमतगमत. पूर्व क्वीन्समधून ब्राँक्सला जायला आधी बस, मग गाड्या, मिळून दीड तास सहज लागतो. म्हणून तिथली बरीच मुलं खासगी बसने जातात आणि तिचे पैसे पालक भरतात. ती बस शाळा सुटल्यावर ठरलेल्या वेळी निघते. रोबोटिक्स किंवा संशोधनासाठी थांबलेल्या मुलाला परत सबवेच. हे बारकावे नकाशावर कळत नाहीत. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन घरून शाळेपर्यंत जा, आणि संध्याकाळी सहाला परत या.

एकेरी प्रवास सव्वा तासाच्या पुढे जात असेल, तर शाळा कितीही नावाजलेली असली तरी मी क्रम खाली आणायला सांगतो. विज्ञानाची खरी आवड असलेल्या मुलाचा सगळ्यांत मौल्यवान वेळ म्हणजे दुपारी तीन ते सहा, जेव्हा तो प्रयोगशाळेत, संघात किंवा नुसता वाचनालयात रेंगाळतो. तो गाडीत गेला, तर शाळेचं नाव त्याची भरपाई करत नाही.

पाचवा टप्पा: शाळेला योग्य ते प्रश्न विचारा

ओपन हाऊस शरद ऋतूत असतात आणि नोंदणी लवकर भरते. मंचावरची भाषणं ऐका, पण खरी माहिती स्वयंसेवक म्हणून उभ्या असलेल्या दहावी-अकरावीच्या मुलांकडे असते. त्यांना विचारा: काल किती वाजता झोपलास? एपीचा, म्हणजे हायस्कुलातच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा, विषय हवा होता आणि मिळाला नाही असं झालं का? अडलं तर शिक्षक कधी भेटतात? मोठ्या शाळांत एपी वर्गांसाठी आधीच्या गुणांची अट असते, हे पालकांना फार उशिरा कळतं. काउन्सेलरमागे किती मुलं आहेत तेही विचारा, कारण कॉलेजच्या अर्जांच्या वेळी त्याचंच पत्र जातं. आपल्या घरात अमेरिकन कॉलेजची प्रक्रिया कुणीच केलेली नसते, म्हणून आपल्याला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त लागू आहे.

आणि हे सगळं मुलाला विचारू द्या. वडील पुढे होऊन प्रश्न विचारतात आणि मूल फोनमध्ये बघत मागे उभं राहतं, हे दृश्य मी फार वेळा बघतो.

कटऑफवर भिस्त ठेवणाऱ्यांना एक अभ्यास सांगावासा वाटतो. जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि अतिला अब्दुलकादिरोग्लू या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या अशा परीक्षा-शाळांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. कटऑफच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. आत गेलेल्यांच्या चाचण्यांतल्या गुणांत फारसा फरक पडलेला आढळला नाही. म्हणजे या शाळा वाईट आहेत असं नाही. हुशार मूल चार-दोन गुणांनी खालच्या शाळेत गेलं म्हणून त्याचं शिक्षण बुडत नाही, एवढं मात्र यातून नक्की कळतं. रात्री अकराला सराव परीक्षेचे गुण बघून घरात रडारड होते तेव्हा हे आठवावं.

सहावा टप्पा: परीक्षेबाहेरची यादीही तितक्याच गांभीर्याने करा

स्पेशलाइज्ड शाळांच्या जोडीला शहराचा नेहमीचा हायस्कूल अर्ज असतो. दोन्ही मायस्कूल्स या संकेतस्थळावरून. नेहमीच्या अर्जात १२ पर्यंत पसंती देता येतात आणि तो डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत भरायचा असतो. चाळणी लावणाऱ्या शाळा इथे सातवीचे मुख्य विषयांचे गुण बघतात आणि गट पाडून लॉटरीच्या क्रमांकाने जागा देतात. भारतातून सातवीनंतर आलेल्या मुलांनी जुन्या शाळेचं गुणपत्रक इंग्रजीत, सही-शिक्क्यासह आणावं. नंतर तिकडून मागवताना फार हाल होतात.

क्वीन्स कॉलेजशेजारची टाउनसेंड हॅरिस, बारावीचं वर्ष हंटर कॉलेजात घालवणारी मॅनहॅटन हंटर सायन्स, आणि शेवटच्या दोन वर्षांत कॉलेजचाच अभ्यासक्रम शिकवून असोसिएट (दोन वर्षांची कॉलेजची) पदवी देणाऱ्या बार्ड अर्ली कॉलेजच्या शाळा: गणित-विज्ञानाच्या मुलालाही या तिन्हींत खूप मिळतं. ज्या मुलाला विज्ञान आवडतं पण लिहायला-वाचायलाही तितकंच आवडतं, त्याला बार्डचा विचार जरूर करायला लावा. मूल अजून सहावीत असेल, तर हंटर कॉलेज हायस्कूलची परीक्षा त्याच वर्षी असते. तिथे प्रवेश सातवीलाच मिळतो, नंतर नाही.

बारांपैकी दहा जागा रिकाम्या ठेवून दोनच नावं लिहिणारे पालक भेटतात, "आमचं स्टायव्हसंट होणारच" म्हणून. पंचवीस हजारांतून चार हजारांना जागा मिळतात हे लक्षात घ्या आणि बारा ओळी पूर्ण भरा. घराजवळच्या एखाद्या चांगल्या शाळेचं नावही त्यात असू द्या.

सातवा टप्पा: मार्च

ऑफर मार्चच्या सुमाराला येतात. स्पेशलाइज्डची एक, आणि नेहमीच्या अर्जातली एक, दोन्ही एकाच वेळी हातात येऊ शकतात. अकरावीला पहिला पसंतीक्रम मिळाला की तो घ्यावाच लागतो, तसं बंधन इथे नाही. ब्राँक्स सायन्स नाकारून टाउनसेंड हॅरिस घेता येतं, त्याबद्दल कुणी दंड करत नाही. प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी शाळा पुन्हा एकदा बोलावतात, तेव्हा मुलाला एकट्याने फिरू द्या आणि घरी आल्यावर आधी त्याचं ऐका.

कटऑफच्या थोडं खाली राहिलेल्या आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी डिस्कव्हरी नावाचा उन्हाळी कार्यक्रम आहे. तो पूर्ण केला की जागा मिळते. नव्याने आलेल्या, इंग्रजी शिकत असलेल्या काही मुलांनाही तो लागू होतो. मूल कोणत्या शाळेत आठवी शिकतंय यावरही पात्रता ठरते, म्हणून शिक्षण खात्याकडून पत्र येण्याची वाट न बघता काउन्सेलरला आपणहून विचारा. स्पेशलाइज्ड शाळांना प्रतीक्षायादी नसते, पण नेहमीच्या अर्जातल्या शाळांना असते आणि ती उन्हाळ्यात बरीच सरकते. हव्या त्या शाळेच्या यादीत नाव घालून ठेवा, आणि मिळालेली जागा मुदतीच्या आत स्वीकारा. एक जागा स्वीकारल्याने प्रतीक्षायादीतलं नाव जात नाही.